निर्यातक्षम फुलशेती : भांडवलाचा तपशील

पाण्याचा दंडक : ज्या हिवरे बाजार या गावात ग्रामसभेने ऊस व केळी यांस मज्जाव केला, सिंचनासाठी कूपनलिका वर्ज्य ठरविल्या आणि पर्जन्यमान मोजून दरसाल पाण्याचा ताळेबंद मांडण्याची वहिवाट पाडली, तेथे फुलांच्या हरितगृहाचा विचार विहिरीच्या पाण्यापासूनच सुरू होतो, ठिबकाची योजना त्यानंतरची.

कर्जाचे दोन प्रकार : सांगाडा, प्लास्टिक आच्छादन, ठिबक, शीतगृह व रोपे यांसाठी मुदत कर्ज, खते, मजुरी व वीज यांसाठी खेळते भांडवल. जमीन तारण दिल्यास बोजाची नोंद सातबाराच्या इतर हक्कांत होते. माल रवाना होण्यापूर्वी निर्यात-मागणीच्या आधारे मिळणारे अल्पमुदतीचे कर्ज निराळे.

अनुदान : राष्ट्रीय फलोत्पादन मंडळाचे (स्थापना १९८४) अनुदान कर्जाशी निगडित असून, प्रकल्प उभा राहिल्यावर ते कर्जखात्यात जमा होते. म्हणूनच आरंभीचा भार शेतकऱ्याने व बँकेनेच वाहावयाचा असतो, ही बाब अर्ज करतेवेळीच ध्यानी घेणे इष्ट. नाबार्ड (१९८२) बँकांना पुनर्वित्त पुरविते. अपेडा (१९८६) निर्यातवृद्धीचे कार्य पाहते.

हंगाम : १४ फेब्रुवारीच्या बाजारपेठेसाठी गुलाबाची छाटणी साधारणतः डिसेंबरात होते. कळी मिटलेली असतानाच फूल काढून, पाण्यात ठेवून, शीतगृहात नेतात. दांड्याच्या लांबीनुसार प्रतवारी होऊन वीस-वीस फुलांच्या जुड्या बांधल्या जातात. तळेगाव दाभाडे व मावळ हा या व्यवसायाचा महाराष्ट्रातील प्रमुख टापू.