कामाच्या ठिकाणचे सहकार्य आणि वस्तीचे जीवन : भोपाळचा अनुभव

धर्मग्रामाचा विचार करताना आपल्या नजरेसमोर बहुधा घर, वस्ती आणि चर्च एवढेच येते. ज्या माणसाला आपण रविवारी तासभर भेटतो, तो आठवड्याचे सहा दिवस दुसऱ्याच एका समूहात वावरत असतो, याचे भान आपणांस क्वचित असते. हा समूह त्याने निवडलेला नसतो. हजेरीपटाने त्याला तेथे आणून उभे केलेले असते. शेजारी उभा असलेला माणूस कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, हे यंत्र विचारीत नाही. दुसऱ्याच्या शब्दावर विसंबण्याची अथवा न विसंबण्याची, चूक दिसताच बोलण्याची अथवा गप्प बसण्याची सवय त्याला तेथे लागते. पाळी संपल्यावर ती सवय कारखान्याच्या फाटकाशी ठेवून तो घरी येत नाही. या सवयीचा वस्तीच्या जीवनावर कसा परिणाम होतो, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विषय आपल्याला परका नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायात पौल करिंथ येथे येतो आणि अक्विला व प्रिस्किल्ला यांच्या घरी राहतो. का राहतो, याचे कारण लूकने अगदी साधे दिले आहे : त्यांचा धंदा एकच होता, राहुट्या करण्याचा. पुढे याच दांपत्याच्या घरी भरणाऱ्या मंडळीचा उल्लेख पौलाच्या पत्रांत येतो. मंडळीपूर्वी तेथे एक कामाची जागा होती, ही गोष्ट प्रवचनांतून सहसा निसटते. पोप जॉन पॉल दुसरे यांनीही १९८१ सालच्या मानवी श्रमावरील परिपत्रकात माणसांना एकत्र आणणे हा श्रमाचा स्वभावच मानला आहे, आणि समाज उभारण्याचे श्रमाचे सामर्थ्य त्यातच पाहिले आहे. तत्त्व म्हणून हे आपण मान्य करतो. परंतु कामाने एकत्र आणलेली माणसे नेहमी वस्तीच्या उपयोगी पडतात काय? या प्रश्नाला भोपाळइतके स्पष्ट उत्तर क्वचितच दुसऱ्या एखाद्या शहराने दिले असेल.

नबाबी काळापासूनच्या या शहराच्या पूर्वेस १९५० च्या दशकाअखेरीस हेवी इलेक्ट्रिकल्सचा प्रचंड कारखाना उभा राहिला. पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा या भागांत त्याची वसाहत पसरली आणि देशाच्या नाना प्रांतांतून आलेली कुटुंबे एका भोंग्याच्या तालावर जगू लागली. येथे कारखान्यानेच वस्ती घडविली. शाळा, रुग्णालय, उत्सव सारे त्याच्या आश्रयाने आले. पण अशा वसाहतीचे भाग्य सर्व कामगारांच्या वाट्यास येत नाही. बहुतेकांचा कारखाना एकीकडे आणि वस्ती दुसरीकडे असते, व दोहोंच्या मध्ये भिंत असते.

अशीच एक भिंत शहराच्या उत्तर भागात होती. युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्याच्या समोरच, रस्ता ओलांडला की, जयप्रकाश नगरची गरिबांची वस्ती. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री या कारखान्याच्या एका टाकीतून सुमारे चाळीस टन मिथिल आयसोसायनेट हवेत मिसळले. शासकीय आकड्यांप्रमाणेच तात्कालिक मृत्यू २,२५९. पुढील मृत्यूंची गणना आजही वादाचा विषय आहे. या दुर्घटनेची तांत्रिक कारणे अनेकांनी मांडली आहेत, ती येथे पुन्हा सांगत नाही. आपल्या विषयापुरत्या दोनच बाबी पाहू.

पहिली बाब पाळीच्या माणसांची. काटकसरीच्या धोरणामुळे त्या विभागातील पाळीचे कामगार बारावरून सहावर आले होते. डोळ्यांना चुरचुर लागणे हे तेथे नित्याचे झाले होते. त्या रात्री अकराच्या पुढे चुरचुर जाणवली, गळतीचा संशय आला, तेव्हा चहा झाल्यावर शोध घेऊ असे ठरले, असे नंतरच्या वृत्तपत्रीय तपासात पुढे आले. चहा पिणाऱ्यांना दोष देणे सोपे आहे. आमच्या मते दोष त्याआधीचा आहे. तीन वर्षांपूर्वी, डिसेंबर १९८१ मध्ये, याच कारखान्यात फॉस्जीन वायूने एका कामगाराचा बळी घेतला होता. त्यानंतरही धोक्याची जाणीव देणारा माणूस ऐकला जात नसेल, तर हळूहळू धोका जाणवणेच थांबते.

दुसरी बाब आम्हांला अधिक अस्वस्थ करते. वायू सुटला तेव्हा आतील कामगार वाऱ्याच्या उलट दिशेने धावले, कारण तसे धावावे हे त्यांना ठाऊक होते, आणि त्यांतील बहुतेक वाचले. वस्तीतील माणसे मात्र गोंधळून वाऱ्याबरोबरच धावली. वस्तीसाठी असलेला भोंगा थोडाच वेळ वाजवून बंद करण्यात आला. किरकोळ गळतीने शेजाऱ्यांना उगाच घाबरवू नये, अशी तेथील पद्धत होती. ओले फडके तोंडावर धरून वाऱ्याच्या विरुद्ध जा, एवढेच सांगावयाचे होते. ते ज्ञान भिंतीच्या आत होते. सहकार्य तेथे मुळीच नव्हते असे नाही. पण त्याचे तोंड आतल्या बाजूला होते.

त्याच रात्री भोपाळच्या रेल्वे स्थानकावर दुसरा प्रकार घडला. उपस्थानक अधीक्षक गुलाम दस्तगीर आणि त्यांचे सहकारी यांनी फलाटावर उभी असलेली प्रवासी गाडी, वरून परवानगी येण्याची वाट न पाहता, वेळेआधीच सोडून दिली व इतर गाड्या भोपाळकडे येऊ नयेत म्हणून जवळच्या स्थानकांना कळविले. स्थानकावरील कर्मचाऱ्यांपैकी काहींना आपले प्राण गमवावे लागले. दस्तगीर स्वतः वायूचे दुष्परिणाम भोगीत २००३ साली वारले. रेल्वेचे काम मुळातच पुढच्या स्थानकावरील माणसावर विसंबून चालते. ज्याचा चेहरा कधी पाहिला नाही त्याच्या संदेशावर गाडी सोडावी लागते. ही रोजची सवयच त्या रात्री शेकडो अनोळखी प्रवाशांच्या कामी आली.

मात्र सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट दुर्घटनेनंतरची आहे. वायुपीडित स्त्रियांना रोजगार मिळावा म्हणून शासनाने शिवणकामाची व इतर कामांची केंद्रे उघडली. छपाईच्या व कागदी सामानाच्या एका कारखान्यात रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला यांची गाठ पडली. एक मुसलमान, एक हिंदू; दोघींनीही घरची माणसे गमावलेली. वस्तीत राहून त्या एकमेकींच्या घरी गेल्या असत्या काय, याची आम्हांला शंका आहे. कामाने त्यांना एका बाकावर बसविले. त्यांच्यातील एकीचा उगम कोणत्याही सर्वधर्म परिषदेत नव्हता, तर मजुरीत होता : काम तेच, पण दाम अपुरा. १९८६ मध्ये त्यांनी तेथील स्त्रियांची संघटना उभी केली. (मजुरीचा प्रश्न आणि अध्यात्म यांची गाठ घालणे आपल्याकडे अप्रशस्त समजतात; आमोसाची पुस्तिका पुन्हा उघडून पाहिली तर हा संकोच टिकत नाही.) १९८९ मध्ये या स्त्रिया पंतप्रधानांकडे गाऱ्हाणे मांडण्यासाठी भोपाळहून दिल्लीस पायी गेल्या. अंतर सातशे किलोमीटरांहून अधिक. ज्यांतील कित्येकींनी त्यापूर्वी एकटीने मोहल्ल्याबाहेर पाऊल टाकले नसेल, त्यांची ही वाटचाल.

येथे एक वळण ध्यानात घ्यावयास हवे. पगारासाठी जमलेल्या स्त्रिया पगारापाशी थांबल्या नाहीत. कारखान्यात एकत्र हिशेब मागण्याची सवय लागली, तीच पुढे वस्तीचा हिशेब मागू लागली : औषधोपचार, दूषित पाणी, नुकसानभरपाई, जबाबदार कंपनीवरील खटला. कंपनीशी १९८९ च्या फेब्रुवारीत ४७ कोटी डॉलरांचा समझोता झाला, तेव्हा पीडितांना कोणी विचारले नव्हते. न विचारले जाण्याचा हा अनुभव त्यांना कामाच्या ठिकाणी आधीच आलेला होता, म्हणून त्याला नाव देणे त्यांना जमले. शिवणकामाच्या केंद्रांतील स्त्रियांमधून अशीच दुसरी संघटना उभी राहिली. अब्दुल जब्बार यांनी २०१९ साली निधन होईपर्यंत तिचे नेतृत्व केले.

तेव्हा एकत्र काम केल्याने माणसे आपोआप चांगली शेजारी होतात, असे भोपाळ सांगत नाही. कार्बाइडच्या कारखान्यातही माणसे एकत्रच काम करीत होती. भेद पडतो तो दोन प्रश्नांवर : खालच्या माणसाचे बोलणे ऐकले जाते काय, आणि आत कळलेली गोष्ट भिंतीबाहेर जाते काय. कुटुंबभेटीस गेल्यावर आपण बाप्तिस्मा, विवाह, मुलांची शाळा यांविषयी विचारतो. दुपारचा डबा कोणाबरोबर खाता, कारखान्यात काय तयार होते, धोका वाटला तर कोणाला सांगता, हे धर्मशिक्षकाने विचारल्याचे आमच्या ऐकिवात फारसे नाही. हे प्रश्न विचारावयास वेगळे पाठ्यपुस्तक लागत नाही.

२००४ साली रशीदा बी व चंपादेवी यांना पर्यावरणविषयक गोल्डमन पुरस्कार मिळाला. पुरस्काराच्या रकमेतून त्यांनी चिंगारी न्यास स्थापन केला. वायुपीडितांच्या पुढील पिढ्यांतील अपंग मुलांना तेथे व्यायामोपचार दिले जातात, बोलावयास शिकविले जाते. कागदी सामानाच्या कारखान्यात एका बाकावर बसलेल्या दोन स्त्रियांनी अशा रीतीने दुसरी एक कामाची जागा उघडली, आणि तिच्या दारातून वस्तीतील मुले रोज आत येतात.