वसतिगृहातून काढलेला विद्यार्थी

पर्युषण पर्व संपते, क्षमावणी होते आणि आपल्या समाजात सत्कारांचा हंगाम सुरू होतो. गावोगावच्या मंगल कार्यालयांत व्यासपीठ सजते. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह आणि हार यांची तबके रांगेने मांडली जातात. दहावी-बारावीचे गुणवंत, नवे डॉक्टर, दानशूर श्रावक, दीर्घ उपवासाचे पारणे केलेल्या श्राविका, निवृत्त शिक्षक या साऱ्यांची नावे पुकारली जातात. त्यात गैर काहीच नाही. चांगल्याला चांगले म्हणणे हाही एक संस्कार आहे. मात्र अशा एका समारंभात प्रेक्षकांत बसलेलो असताना व्यासपीठामागच्या भिंतीवरील एका तसबिरीकडे माझे लक्ष गेले आणि पुढचा सारा वेळ ते तिथेच राहिले. पांढरीशुभ्र दाढी, अंगात जाडीभरडी खादी आणि करारी चेहरा. कर्मवीर भाऊराव पाटील. वक्ते त्यांचा उल्लेख 'आपल्या समाजाचे भूषण' असा करीत होते. ते खरेच आहे. पण हे भूषण तरुण होते तेव्हा आपल्याच समाजाच्या वसतिगृहाने त्यांना दाराबाहेर काढले होते, हे त्या दिवशी कोणी बोलले नाही.

ती हकीकत आज सविस्तर सांगावी असे वाटते. कर्मवीरांची जयंती २२ सप्टेंबरला येते, म्हणजे बहुधा क्षमावणीच्या आगेमागेच.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला. आज त्या परिसरात बाहुबलीच्या डोंगरावरील अठ्ठावीस फुटी मूर्तीच्या दर्शनाला सारा जैन समाज लोटतो. वडील पायगोंडा हे महसूल खात्यात नोकरीस, आई गंगाबाई, मूळ गाव ऐतवडे बुद्रुक. घराणे शेतकरी जैनांचे, आचारविचार कडक. मुलगा मात्र लहानपणापासून निराळा. अस्पृश्यांना पाणी भरू न देणाऱ्या विहिरीचा रहाट त्याने मोडून टाकला, ही गोष्ट सातारा-सांगलीकडील शाळांत अजूनही सांगतात.

पुढे शिक्षणासाठी तो कोल्हापुरास आला आणि जैन बोर्डिंगात राहिला. या वसतिगृहाची सूत्रे तेव्हा अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. लठ्ठे म्हणजे दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या संस्थापकांपैकी एक, उच्चविद्याविभूषित, छत्रपती शाहू महाराजांच्या विश्वासातले आणि सुधारक विचारांचे. त्यांच्याविषयी आदर बाळगूनच पुढचे सांगतो. १९०८ च्या सुमारास महाराजांच्या प्रोत्साहनाने अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उभे राहिले आणि त्याच्या समारंभाला भाऊराव हजर राहिले. ते परतले तेव्हा बोर्डिंगात त्यांना सांगण्यात आले की, आधी स्नान करावे, मग पंगतीस बसावे. भाऊरावांनी नकार दिला. स्नान करणे म्हणजे आपण ज्यांच्यात बसून आलो ते लोक विटाळ आहेत असे मान्य करणे, हे त्यांना उमगले होते. स्नानाला कितीसे पाणी लागते! पण त्या मुलाने ते अंगावर घेतले नाही आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले. त्यानंतर त्याला आश्रय मिळाला तो शाहू महाराजांच्या छायेत.

येथवरची गोष्ट अनेकांना ठाऊक असते. तिचा उत्तरार्ध मला अधिक मोलाचा वाटतो.

१९१४ साली कोल्हापुरात राजघराण्याच्या पुतळ्यांना कोणीतरी डांबर फासले. ब्रिटिश अमलात हा साधा अपराध नव्हता. संशय लठ्ठ्यांवर घेण्यात आला. पुराव्यासाठी साक्षीदार हवा होता, आणि लठ्ठ्यांनी वसतिगृहातून काढलेला, म्हणजे त्यांच्यावर राग असणे स्वाभाविक असलेला भाऊराव हा त्यासाठी सोयीचा माणूस होता. लठ्ठ्यांविरुद्ध खोटी साक्ष दे, असा त्यांच्यावर दबाव आला. त्यांना अटक झाली, छळ झाला. तो असह्य होऊन त्यांनी स्वतःचा जीव देण्याचाही प्रयत्न केला. पण खोटी साक्ष दिली नाही. ज्याने आपल्याला पंगतीतून उठवले, त्याच्यासाठी हा माणूस मृत्यूच्या दारापर्यंत गेला.

सत्य आणि अचौर्य ही अणुव्रते आपण पाठशाळेत मुलांकडून घोकून घेतो. सत्याणुव्रताचे उदाहरण म्हणून या प्रसंगाचा उल्लेख मी तरी कोणत्या पाठशाळेत ऐकलेला नाही. क्षमेचे उदाहरण म्हणूनही नाही.

या प्रकरणात शाहू महाराजांचे दरबारी यंत्रणेवरील लोक भाऊरावांच्या विरुद्ध बाजूस होते. तरीही पुढे साताऱ्यात स्वतःचे वसतिगृह काढले तेव्हा भाऊरावांनी त्याला नाव दिले ते छत्रपती शाहूंचेच. दुसरीकडे लठ्ठे कोल्हापूर सोडून बेळगावला गेले आणि त्यांनीच पुढे शाहू महाराजांचे चरित्र लिहिले. त्या पिढीची माणसे परस्परांशी भांडली, दुखावली गेली. पण एकमेकांच्या कार्याची थोरवी त्यांनी नाकारली नाही. आज समाजातील दोन मंडळांत एखाद्या फलकावरील नावाच्या क्रमावरून वर्षानुवर्षे अबोला चालतो, तेव्हा हे तिघे आठवतात.

मधली काही वर्षे भाऊरावांनी फिरस्तीची कामे केली. ओगल्यांची काच विकली, किर्लोस्करांचे लोखंडी नांगर गावोगाव नेले. नांगर विकण्यासाठी शेतकऱ्याच्या ओसरीवर बसावे लागते, त्याच्या पिकाची, कर्जाची, मुलाबाळांची चौकशी करावी लागते. त्या ओसऱ्यांवर त्यांना दिसले ते असे की, नांगर सुधारला तरी शेतकरी सावकाराच्या कागदावर अंगठाच उठवतो आहे. सांगलीजवळच्या दूधगावात त्यांनी आणि त्यांच्या स्नेह्यांनी सर्व जातींच्या मुलांसाठी विद्यार्थी आश्रम आधीच चालवून पाहिला होता. तो अनुभव गाठीशी होता. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीला, कऱ्हाड तालुक्यातील काले या खेड्यात रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. संस्थापकाचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडेच थांबलेले होते.

दूधगावच्या त्या प्रयोगात 'मुष्टिफंड' नावाची एक योजना होती. बायका पहाटे जात्यावर दळायला बसत. पहिला घास घालण्याआधी एक मूठ धान्य बाजूच्या मडक्यात टाकायचे, आणि आठवड्याने ते गोळा करून मुलांच्या भटारखान्यात पोचवायचे. सत्कारांच्या याद्या तयार करणाऱ्यांनी या मुठींचा जरा विचार करावा. देणगीदारांच्या संगमरवरी फलकावर पाच हजार, पन्नास हजार, पाच लाख असे आकडे कोरलेले असतात. मूठ कोरता येत नाही. ती कोणाची होती, मराठ्याची, जैनाची, मुसलमानाची की महाराची, हेही मडक्यात पडल्यावर कळत नाही. रयत शिक्षण संस्थेचा खरा पाया घालणारा जो समाज, तो हा. त्याचे नाव कोणत्याही एका जातीचे नाही.

१९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत, एकाच पंगतीत जेवत. १९२७ साली महात्मा गांधी या वसतिगृहात आले आणि त्यांच्या हस्ते 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस' असे त्याचे नामकरण झाले. धनिणीच्या बागेतील त्या जागेत मुले शेतात राबत, माती वाहत, पाणी शेंदत आणि रात्री कंदिलाभोवती अभ्यास करीत. 'कमवा आणि शिका' ही आज विद्यापीठांच्या पत्रकांत सापडणारी योजना तिथे रोजच्या भाकरीचा प्रश्न म्हणून जन्मली.

या भाकरीमागे ज्या होत्या, त्यांच्याविषयी थोडे विस्ताराने लिहायचे आहे. कारण समारंभांतून त्यांचे नाव एखाद्या वाक्यात उरकले जाते.

लक्ष्मीबाई पाटील या भाऊरावांच्या पत्नी. त्या सधन, सनातनी जैन घरातून आल्या होत्या. माहेरी सोवळ्या-ओवळ्याचे, शिवाशिवीचे, चुलीच्या पावित्र्याचे नियम अंगवळणी पडलेले. अशा स्त्रीच्या पुढ्यात पतीने जातिपातीचा हिशेब न ठेवता मुले आणून बसवली. आपण आज या गोष्टीकडे सहज पाहतो. पण ज्या घरात पाण्याची घागर कोणाच्या सावलीनेही बाटते असे शिकवले गेले, त्या घरच्या मुलीने महारा-मांगांच्या लेकरांच्या डोक्याला तेल लावणे, आजारपणात त्यांची अंथरुणे धुणे, त्यांचे उष्टे काढणे, हे कसे जमवले असेल? भाऊरावांना निदान बाहेर सभा होत्या, अनुयायी होते, टाळ्या होत्या. लक्ष्मीबाईंची लढाई चुलीपुढे होती, स्वतःच्या मनाशी होती आणि तिला साक्षीदार नव्हता. मला त्यांचे धैर्य पतीच्या धैर्यापेक्षा तसूभरही कमी वाटत नाही. थोडे अधिकच वाटते.

आणि मग दागिने. वसतिगृहाला पैसा कधीच पुरत नसे. माहेरून आलेले सोने एकेक करून मोडले गेले. पाटल्या गेल्या, गोठ गेले, गळ्यातले सर गेले. चरित्रकार सांगतात की, एकदा भाऊराव मदत मिळवण्यासाठी बाहेरगावी गेले असताना वसतिगृहातील धान्य संपले. मुले उपाशी होती. बाईंजवळ मोडण्यासारखे आता एकच काही उरले होते. त्यांनी मंगळसूत्र काढून दिले आणि त्या पैशांतून धान्य आले.

त्या काळात मंगळसूत्र काढणे याचा अर्थ काय होता, हे आपल्या आज्या-पणज्या ज्यांना आठवतात त्यांना सांगायला नको. मोडून नवे करायचे झाले तरी बायका तोवर गळ्यात हळकुंड बांधत. आपल्याकडे दानाचे चार प्रकार सांगितले आहेत: आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान. लक्ष्मीबाईंनी यांतले कोणते केले म्हणायचे? मुलांना जेवू घातले, आजारी असता शुश्रूषा केली, ती शिकावीत म्हणून सर्वस्व दिले आणि गावकुसाबाहेरच्या लेकराला 'इथे तुला कोणी हाकलणार नाही' हा विश्वास दिला. एकाच गळ्यातील काळ्या मण्यांत चारही दाने सामावली. १९३० साली त्यांचे निधन झाले. संस्थेचे वैभव त्यांनी पाहिलेच नाही.

पुढचा विस्तार सर्वश्रुत आहे, म्हणून झरझर सांगतो. पुणे करारानंतर १९३२ मध्ये पुण्यात युनियन बोर्डिंग निघाले. १९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे विद्यालय निघाले, कारण खेड्यातील शाळेला खेड्यातलाच शिक्षक हवा, असा भाऊरावांचा आग्रह होता. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल हे मोफत निवासी हायस्कूल, १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज, १९५४ मध्ये कऱ्हाडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज. डोंगरकपारीतील वाड्या-वस्त्यांवर एकशिक्षकी शाळा निघाल्या, त्या वेगळ्या. नावे पाहा: शाहू, सयाजीराव, शिवाजी, गाडगे महाराज. पुढे मौलाना आझादही. आपले किंवा आपल्या जातीचे नाव त्यांनी एकाही दारावर लावले नाही.

गांधीजींच्या हत्येनंतरच्या अस्वस्थ दिवसांत भाऊरावांनी सरकारवर सडेतोड टीका केली आणि संस्थेचे सरकारी अनुदान बंद झाले. स्वतंत्र भारताच्या सरकारने हे करावे, हा धक्का मोठा होता. ते डगमगले नाहीत. पुन्हा झोळी घेऊन लोकांकडे गेले, आणि लोकांनी ती रिकामी परत पाठवली नाही. अखेर गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांकडे शब्द टाकला, तेव्हा अनुदान सुरू झाले. ज्याला स्वतःला अक्षरओळख नव्हती अशा संताने शाळांसाठी राज्यकर्त्याला गळ घालावी, हा महाराष्ट्राचा खरा वारसा.

'कर्मवीर' ही उपाधी त्यांना लोकांनी दिली. सरकार आणि विद्यापीठ यांना उशीर झाला. पद्मभूषण १९५९ सालचे. पुणे विद्यापीठाची डी. लिट. ही सन्माननीय पदवीही त्याच वर्षीची. आणि त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात भाऊरावांनी देह ठेवला. तोवर संस्थेच्या शंभराहून अधिक माध्यमिक शाळा उभ्या होत्या. शाहू बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर झाले आणि शिवाजी विद्यापीठाच्या कुलगुरुपदापर्यंत पोचले. टपाल खात्याने भाऊरावांवर तिकीट काढले ते १९८८ मध्ये.

त्या दिवशीच्या समारंभात शेवटी आभारप्रदर्शन झाले, तसबिरीला घातलेला हार थोडा कलला होता, तो कोणीतरी नीट केला. बाहेर पडताना एक वृद्ध श्राविका भेटल्या. दोन्ही हातांत नातवंडांची पारितोषिके होती. त्यांना मी सहज विचारले, "आजी, लक्ष्मीबाई पाटील ठाऊक आहेत का?" त्या क्षणभर थांबल्या. म्हणाल्या, "सोलापुरात माझी नात शिकते ना, तिच्या कॉलेजचे नाव तेच आहे. लक्ष्मीबाई भाऊराव पाटील महिला महाविद्यालय. पण त्या कोण होत्या रे बाबा?"

मंगल कार्यालयाच्या पायरीवर बसून मी त्यांना मंगळसूत्राची गोष्ट सांगितली. ऐकता ऐकता त्यांचा हात नकळत गळ्याशी गेला होता.