हिंदू कॉलनीतले मंत्री

माधव कृष्णाजी मंत्री. जन्म १ सप्टेंबर १९२१, नाशिक. कर्मभूमी मात्र दादर. हिंदू कॉलनीत राहणारा हा यष्टिरक्षक-सलामीवीर दादर युनियनचा कर्णधार होता. क्लबचं मैदान माटुंग्यात, दडकर मैदान. वेळेवर येणं आणि कडक शिस्त ही दादर युनियनची ओळख; ती घडवण्यात मंत्रींचा वाटा फार मोठा.

कसोटी सामने फक्त चार. १९५२ मध्ये हेडिंग्लेला इंग्लंडच्या ट्रूमन-बेडसर माऱ्यापुढे भारताची ४ बाद ० अशी अवस्था झाली, त्या चौघांत मंत्रीही होते. पण तेवढ्यावरून त्यांना मोजणं अन्यायाचं ठरेल. १९४८-४९ मध्ये पुण्यात महाराष्ट्राविरुद्धच्या रणजी उपांत्य सामन्यात त्यांनी मुंबईकडून २०० धावा काढल्या. दोन्ही संघांच्या मिळून २,३७६ धावा झाल्या, तोच हा विक्रमी सामना. त्यांच्या नेतृत्वाखाली मुंबईने तीनदा रणजी करंडक जिंकला.

खेळ थांबला, काम थांबलं नाही: राष्ट्रीय निवड समिती, मुंबई क्रिकेट संघटनेचं अध्यक्षपद, भारतीय क्रिकेट मंडळाचं खजिनदारपद. १९९० च्या इंग्लंड दौऱ्यावर ते भारतीय संघाचे व्यवस्थापक होते. त्याच दौऱ्यात ओल्ड ट्रॅफर्डला सतरा वर्षांच्या सचिन तेंडुलकरने पहिलं कसोटी शतक ठोकलं.

सुनील गावसकर त्यांचे भाचे. लहानपणी सुनीलने मामांच्या कपाटातला भारताचा स्वेटर मागितला होता. मामांनी दिला नाही. तो स्वतः मिळवायचा असतो, असं सांगितलं.

२३ मे २०१४ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी मंत्रींचं मुंबईत निधन झालं.