मुक्काम पोस्ट : मुख्यालय

मराठी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर अधूनमधून एक जाहीर नोटीस दिसते. अमुक कंपनी आपले नोंदणीकृत कार्यालय महाराष्ट्रातून दुसऱ्या राज्यात नेऊ इच्छिते. कुणाची हरकत असल्यास १४ दिवसांत कळवावी. शेअर सर्टिफिकेट हरवल्याच्या जाहिरातींत ती बुडून जाते आणि आपण पान उलटतो. पण नांदते घर उगाच गाव सोडत नाही, तशी कंपनीही सोडत नाही. तिची कारणे कशी असतात हे पाहायचे तर अमेरिकेतल्या बोइंगकडे पाहावे. या कंपनीने दोन दशकांत दोनदा बिऱ्हाड हलवले.

बोइंग जन्मली १९१६ साली, वॉशिंग्टन राज्यातल्या सिएटलमध्ये. कारखाने तिथे, इंजिनिअर तिथे आणि मोठे साहेबही तिथेच. १९९७ मध्ये सेंट लुइसची मॅक्डोनेल डग्लस तिच्यात विलीन झाली आणि प्रवासी विमानांच्या जोडीला संरक्षण व अवकाशाचा पसारा खूप वाढला. सिएटलच्या कामगारांशी कुरबुरी होत्याच. १९९५ चा संप ६९ दिवस चालला, २००० साली इंजिनिअर ४० दिवस संपावर गेले. मार्च २००१ मध्ये प्रमुख फिल काँडिट यांनी सिएटल सोडण्याची घोषणा केली. मुख्यालय कुठल्याच एका कारखान्याच्या सावलीत नसावे, अशी त्यांची भूमिका होती. डेन्व्हर, डॅलस आणि शिकागो यांच्यात चढाओढ लागली. शिकागोने बाजी मारली. इलिनॉय राज्य आणि शहर यांनी मिळून सुमारे सहा कोटी डॉलरच्या सवलती देऊ केल्या. येणार होती जेमतेम पाचशे माणसे!

विमाने मात्र सिएटलच्या परिसरातच बनत राहिली. निर्णय घेणारे आणि विमान बांधणारे यांच्यात आता सुमारे २,८०० किलोमीटरचे अंतर पडले. २०१८ आणि २०१९ मध्ये ७३७ मॅक्स जातीची दोन विमाने कोसळून ३४६ जण दगावले. तांत्रिक दोष विमानाच्या नियंत्रण प्रणालीत सापडला, पण दोष वेळीच वर का पोचला नाही, हे शोधताना अनेक टीकाकारांनी या अंतराकडेही बोट दाखवले. २०२२ मध्ये मुख्यालय पुन्हा हलले. यावेळी ते गेले व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनला, संरक्षण खात्याच्या मुख्यालयाच्या, म्हणजे पेंटॅगॉनच्या शेजारी, मोठ्या सरकारी गिऱ्हाइकाच्या दारात. आणि २०२४ मध्ये आलेले प्रमुख केली ऑर्टबर्ग यांनी स्वतःचा मुक्काम ठेवला सिएटलला.

करांचे काय? टेस्लाने डिसेंबर २०२१ मध्ये मुख्यालय कॅलिफोर्नियातून टेक्सासात, ऑस्टिनला नेले. कॅलिफोर्नियात व्यक्तिगत प्राप्तिकराचा सर्वांत वरचा दर १३.३ टक्के आहे. टेक्सासात राज्याचा असा करच नाही. पण कॅलिफोर्निया बहुतेक कंपन्यांना त्या राज्यात झालेल्या विक्रीच्या प्रमाणात कर लावते, मग मुख्यालय कुठेही असो. त्यामुळे कंपनीची बचत वाटते त्याहून कमी, आणि गलेलठ्ठ पगाराच्या अधिकाऱ्यांची जास्त. शिवाय घरांच्या किमती आणि कामावर पोचायला लागणारा वेळ ही कारणे टेस्लाचे प्रमुख इलॉन मस्क यांनीच सांगितली होती. टेस्लाचा फ्रीमाँटचा कारखाना मात्र कॅलिफोर्नियातच चालू राहिला.

आपल्याकडे कंपनीचा प्राप्तिकर केंद्राचा असतो. मुंबई सोडून हैदराबादला गेल्याने त्याचा दर बदलत नाही. शिवाय कागदावरचा पत्ता आणि कारभाराची जागा वेगळी असू शकते: आयसीआयसीआय बँकेचे नोंदणीकृत कार्यालय वडोदऱ्याला, ॲक्सिस बँकेचे अहमदाबादला, कारभार दोन्हींचा मुंबईतून चालतो. नोंदणीकृत कार्यालय दुसऱ्या राज्यात न्यायचे तर कंपनी कायदा, २०१३ प्रमाणे भागधारकांचा विशेष ठराव आणि केंद्र सरकारची मंजुरी लागते. स्थलांतरापायी कुणालाही कामावरून कमी करणार नाही, असे प्रतिज्ञापत्र संचालकांना द्यावे लागते. जिल्ह्याच्या भाषेतल्या वर्तमानपत्रात नोटीसही द्यावी लागते.

कंपनीला कुणाच्या जवळ राहायचे आहे, हे तिच्या मुख्यालयाचा पत्ता सांगतो: कामगारांच्या, गिऱ्हाइकाच्या, सरकारच्या की साहेबांच्या घराच्या. म्हणून सवलतींची थैली सोडण्याआधी राज्याने विचारावे, नोकऱ्या येणार आहेत की नुसती पाटी? आणि तुमच्या कंपनीची ती नोटीस छापून आली, तर पान उलटू नका. ते १४ दिवस कायद्याने तुमच्यासाठीच ठेवलेले आहेत.