जपानमध्ये नोकरी लागली, पण तुमचा फोन तिथं चालेल का?

‘सेकंदाला एक पैसा’ हा कॉलदर आठवतोय? २००९ मध्ये टाटा डोकोमोनं तो आणला आणि मिनिटावर पैसे कापणाऱ्या इतर कंपन्यांनाही सेकंदावर यावं लागलं. त्या नावातलं ‘डोकोमो’ म्हणजे जपानची सर्वांत मोठी मोबाइल कंपनी, एनटीटी डोकोमो. २०१४ मध्ये तिनं टाटांसोबतच्या भागीदारीतून बाहेर पडायचं ठरवलं. आता प्रवास उलट्या दिशेनं सुरू आहे. भारतातले इंजिनीअर जपानच्या आयटी आणि टेलिकॉम कंपन्यांत जात आहेत आणि तिथल्या भारतीयांची संख्या ५० हजारांच्या वर गेली आहे.

सातारा-सांगलीला लांब जाणं नवं नाही. विटा-खानापूरचे गलाई व्यावसायिक सोनं-चांदी गाळण्यासाठी देशभर पसरले, साताऱ्याची माणसं फौजेत आणि मुंबईच्या माथाडी कामात गेली. आता सांगलीच्या वालचंद किंवा कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या मुलांपुढं जपानचाही पर्याय आहे. जाण्याआधी काय माहीत हवं?

जपानला बाहेरचे इंजिनीअर का लागतात?

डोकोमोनं फेब्रुवारी १९९९ मध्ये ‘आय-मोड’ सुरू केलं, तेव्हा जपानी माणूस फोनवर ईमेल आणि बातम्या वाचू लागला. ऑक्टोबर २००१ मध्ये थ्रीजी सेवाही आली. पण हे फोन फक्त जपानपुरतेच घडवलेले होते. बाहेरच्या जगापासून तुटून वेगळ्याच वाढलेल्या गॅलापागोस बेटांवरच्या जिवांवरून तिथं त्यांना गमतीनं ‘गारा-केई’ म्हणतात. स्मार्टफोन आल्यावर ही आघाडी ओसरली.

पुढं नेटवर्कही बदललं. टॉवरमागची बरीच खास यंत्रं जाऊन त्यांचं काम साध्या सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर करू लागलं. एप्रिल २०२० मध्ये राकुतेन मोबाइलनं असं क्लाउडवर चालणारं नेटवर्क व्यावसायिकरीत्या सुरू केलं. सॉफ्टवेअर आलं की भारतीय इंजिनीअरला वाव मिळतो. त्यात राकुतेन समूहानं २०१२ पासून कार्यालयीन कामाची भाषा इंग्रजी केली आहे. अर्थात, सगळ्या जपानी कंपन्या अशा नाहीत.

इथला फोन तिथं का अडखळतो?

कारणं तीन. पहिलं, बँड. कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतूनही बऱ्यापैकी आत शिरतात. डोकोमो त्यासाठी ८०० मेगाहर्ट्झचा बँड १९ वापरते. भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक फोनमध्ये तो नसतो. मग टोकियोच्या रस्त्यावर रेंज छान आणि इमारतीच्या आत किंवा डोंगराळ भागात गायब, असं होऊ शकतं.

दुसरं, व्होल्टी. केडीडीआयनं मार्च २०२२ मध्ये थ्रीजी बंद केलं, सॉफ्टबँकनंही २०२४ मध्ये ते गुंडाळलं. आता साध्या कॉलसाठीही फोनचं व्होल्टी त्या कंपनीच्या नेटवर्कशी जुळावं लागतं.

तिसरं कारण कायद्याचं आहे. जपानमध्ये वायरलेस उपकरणावर ‘गितेकी’ ही तांत्रिक मान्यतेची खूण लागते. बाहेरून आणलेला फोन त्या खुणेविना वाय-फाय, ब्लूटूथवर वापरायला देशात आल्यापासून ९० दिवसांची सवलत मिळते. तीही फोन आंतरराष्ट्रीय मानकांत बसत असेल तरच. पाहुण्यासाठी हे पुरेसं आहे, राहायला गेलेल्यासाठी नाही. घरचा राउटर किंवा खेळण्यातला वॉकीटॉकीही बॅगेत भरू नका. परवान्याविना रेडिओ केंद्र चालवल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा १० लाख येनपर्यंत दंडाची तरतूद आहे. आयफोनमध्ये ही खूण सेटिंगमध्ये दिसते. इतर फोनचं जाण्याआधीच तपासा.

पहिल्या महिन्यात काय करायचं?

मोठ्या विमानतळांवर उतरतानाच निवासी कार्ड मिळतं. घर मिळाल्यावर १४ दिवसांत वॉर्ड कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. फोन नंबर, बँक खातं आणि घर या तीन गोष्टी एकमेकींत अडकलेल्या असतात. बँक फोन नंबर मागते, बिलासाठी सिम कंपनी बँक खातं किंवा क्रेडिट कार्ड मागते आणि घरमालक हमीदार मागतो. म्हणून पत्त्याची नोंद आधी करा, सिम आणि खात्यासाठी कंपनीच्या एचआरची मदत घ्या. ‘यूआर’ या सरकारी गृहसंस्थेच्या घरांना हमीदार लागत नाही. घरमालकाला द्यायची ‘की मनी’ ही परत न मिळणारी रक्कमही तिथं नसते. टोकियोतल्या निशी-कासाई भागात भारतीय वस्ती वाढण्यामागं हे एक कारण आहे.

भूकंप झाला तर घरच्यांना कसं कळणार?

११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप पाटण तालुक्यातली जुनी माणसं विसरलेली नाहीत. जपानमध्ये हादरा बसण्याआधी फोन ओरडतो. भूकंपाच्या वेगवान, सौम्य लहरी यंत्रं आधी पकडतात, विध्वंसक लहरी मागून येतात. मधल्या काही सेकंदांत इशारा जातो. तो एकेका नंबरवर न पाठवता टॉवरखालच्या सगळ्या फोनवर एकदम प्रसारित होतो, त्यामुळं नेटवर्क तुंबत नाही. भारतातून नेलेल्या फोनवर तो येतो का, हे तपासून घ्या.

नंतरचं नियोजन मात्र कुटुंबाचं. ११ मार्च २०११ च्या महाभूकंपानंतर कंपन्यांना बहुतांश व्हॉइस कॉल रोखावे लागले होते, डेटा त्या मानानं चालू होता. म्हणून आधीच ठरवा : कॉल लागला नाही तरी घाबरायचं नाही, मेसेजची वाट पाहायची.

पगारातून काय कापलं जातं?

जपानी कंपनीत थेट नोकरी असेल, तर पेन्शनसाठी तुमच्या वाट्याचे ९.१५ टक्के जातात. स्थानिक निवासी कर साधारण १० टक्के. तो आदल्या वर्षीच्या उत्पन्नावर लागतो, म्हणून पहिल्या वर्षी सहसा दिसत नाही आणि दुसऱ्या वर्षीच्या जूनपासून हातातला पगार कमी होतो. कर्जाचा हप्ता पहिल्या वर्षाच्या पगारावर बेतू नका.

भारतीय कंपनीनं पाठवलं असेल, तर १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू असलेल्या भारत-जपान सामाजिक सुरक्षा करारानुसार पाच वर्षांपर्यंत इथला पीएफ चालू ठेवून तिथली पेन्शन कपात टाळता येते. त्यासाठी ईपीएफओचं प्रमाणपत्र लागतं. थेट नोकरी करून परतणाऱ्यांना देश सोडल्यावर दोन वर्षांच्या आत पेन्शनची एकरकमी रक्कम मागता येते. मात्र ती घेतली की तेवढा काळ पेन्शनच्या हिशेबातून जातो.

जपानी भाषा किती लागते?

ऑफिसात कदाचित कमी, दवाखान्यात आणि मुलांच्या शाळेत भरपूर. अंबरनाथमध्ये जन्मलेले योगेंद्र पुराणिक १९९७ मध्ये विद्यार्थी म्हणून जपानला गेले, पुढं आयटीत काम केलं, नागरिकत्व घेतलं आणि २०१९ मध्ये टोकियोच्या एदोगावा वॉर्डाच्या सभेत निवडून आले. निशी-कासाई याच वॉर्डात येतं. मतं मागायला इंग्रजी पुरली नसती. जेएलपीटी परीक्षेच्या एन-५ ते एन-१ अशा पाच पायऱ्या आहेत. एन-५ सर्वांत सोपी. नोकरीची खात्री होण्याची वाट न पाहता ती इथंच सुरू करा.

मुलाखतीत हे विचाराच

नेमणूक थेट आहे की भारतीय कंपनीमार्फत? व्हिसा किती वर्षांचा? टीमची रोजची भाषा कोणती? घर आणि सिमसाठी कंपनी मदत करते का? मध्येच सोडल्यास पैसे भरावे लागतील, अशी अट आहे का? उत्तरं ईमेलवर लेखी घ्या. आणि आई-बाबांना सांगून ठेवा की जपानचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढं असतं. रात्री नऊला जेवण आटोपून त्यांनी फोन केला, तर तिकडं साडेबारा वाजलेले असतील.