चार परार्ध कण आणि उरलेली हवा

दहा सेंटीमीटर लांब, तेवढीच रुंद आणि दोन सेंटीमीटर जाड अशी एक पारदर्शक वडी. वजन साधारण 910 ग्रॅम, रंग अगदी फिकट जांभळा. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने अशा पाच वड्या लावून 2007 साली 67 किलोवॉट सरासरी शक्तीचा लेसर चालवला. वड्या जपानच्या कोनोशिमा केमिकल कंपनीने बनवलेल्या होत्या. ही काच नव्हे आणि एकसंध स्फटिकही नव्हे. हे सिरॅमिक आहे, म्हणजे आपल्या चहाच्या कपाच्याच कुळातलं. भुकटी दाबायची आणि भट्टीत भाजायची, एवढीच त्याची जन्मकथा. पण त्या भुकटीचा हिशेब मांडायला बसलं की नेहमीचे लाख-कोटी पुरत नाहीत.

पदार्थाचं नाव यॅग : यिट्रियम, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन. त्यातल्या यिट्रियमच्या शंभरातल्या एखाद्या अणूची जागा निओडिमियमला दिलेली असते आणि लेसरचा प्रकाश तोच देतो. भुकटीचा एकेक कण शंभर नॅनोमीटरचा धरू. मग एका ग्रॅममध्ये सुमारे 420 लाख कोटी, म्हणजे चारावर चौदा शून्यं आणि वर थोडे, एवढे कण होतात. अख्ख्या वडीत किती? भास्कराचार्यांच्या लीलावतीत संख्यांची नावं परार्धापाशी थांबतात, म्हणजे एकावर सतरा शून्यं. आपल्या वडीत जवळपास चार परार्ध कण आहेत. लीलावती लिहिली गेली त्या 1150 सालापासून दर सेकंदाला एक कोटी या वेगाने कुणी ते मोजत बसलं असतं, तर मोजणी आजही पुरी झाली नसती. आणखी तीनेकशे वर्षं लागली असती.

कण इतके बारीक कशासाठी? कारण बारीक कणाला पृष्ठभाग फार असतो, आणि सिंटरिंग, म्हणजे भुकटी न वितळवता भाजून एकजीव करणं, चालतं ते याच पृष्ठभागाच्या ऊर्जेवर. या भुकटीच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग तेरा चौरस मीटर भरतो. वडीभर भुकटीचा भरतो बारा हजार चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ तीन एकर. भाजून झाल्यावर वडीला बाहेरून उरतो फक्त 280 चौरस सेंटीमीटर. तीन एकर मिटवण्याची ही ओढ भट्टीत पदार्थाला वितळू न देता एकजीव करते. यॅग वितळतो 1950 अंशांच्या आसपास आणि भट्टी असते 1750 अंशांच्या जवळ. म्हणजे सगळं काम घन अवस्थेतच होतं, अणू कणाकणाच्या सीमांवरून सरकत राहतात. कण दहापट बारीक केला तर हे काम निदान हजारपट लवकर उरकतं. शेवटी दहा मायक्रोमीटरचा एकेक दाणा तयार होतो आणि त्या एका दाण्याने सुमारे दहा लाख कण गिळलेले असतात.

वडीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाणारा प्रकाशकिरण अशा दहा हजार दाण्यांच्या सीमा ओलांडतो. तरी तो विखुरत नाही. यॅगची अणुरचना घनाकृती आहे, त्यामुळे दाणा कसाही वळलेला असला तरी प्रकाशाला तो सारखाच भासतो. सीमाही स्वच्छ असते, जाडी एका नॅनोमीटरच्या आतबाहेर.

प्रकाशाचा खरा वैरी म्हणजे हवा. साच्यातून निघालेल्या कच्च्या वडीत साधारण निम्मी जागा रिकामी असते. आपल्या वडीपुरतं बोलायचं तर 200 घन सेंटीमीटर पोकळी बाहेर काढायची असते. ती निघता निघता वडी प्रत्येक बाजूने पाचव्या हिश्श्याने आक्रसते, म्हणून दहा सेंटीमीटरच्या वडीसाठी साचा साडेबारा सेंटीमीटरचा घ्यावा लागतो. भट्टीतला दाब बाहेरच्या हवेच्या दहा कोटीव्या भागाइतका उतरवतात, नाहीतर बंद पडलेल्या छिद्रात वायू अडकून बसतो. समजा एवढं करून पोकळी दहा लाखांत एक भाग उरली. कुठल्याही कारखान्यात हा आकडा अभिमानाने सांगितला जाईल. पण ती पोकळी एकेक मायक्रोमीटरच्या छिद्रांत वाटलेली असेल तर वडीत अजून 38 कोटी छिद्रं आहेत, आणि माझ्या हिशेबाने तेवढ्यानेही दर सेंटीमीटरला चारेक टक्के प्रकाश वाट सोडतो. लेसरच्या आरशांमध्ये प्रकाश पुन्हा पुन्हा फिरतो, तिथे हा तोटा परवडत नाही. म्हणून त्याहूनही खाली जावं लागतं.

ही छिद्रं भट्टीत होतात असं वाटतं. माझं मत असं की बहुतेक वेळा ती त्याआधीच, पाण्यात ठरलेली असतात. यिट्रियम आणि ॲल्युमिनियमच्या क्षारांचं द्रावण अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात थेंबथेंब सोडतात. थेंब पडताच पांढरा, लिबलिबीत साका धरतो. तो गाळायचा, धुवायचा, पुन्हा गाळायचा. धुणं कमी पडलं तर क्षार मागे राहतात. वाळवताना घाई झाली तर कण एकमेकांना घट्ट चिकटून कडक गुठळ्या होतात. मग अकराशे-बाराशे अंशांवर भाजून भुकटी मिळते आणि ती बॉल मिलमध्ये अल्कोहोल घालून तासन्‌तास फिरवतात. त्यातूनही एखादी गुठळी वाचली तर भट्टीत ती भोवतालच्या भुकटीच्या आधी आक्रसते आणि आपल्याभोवती भेग सोडते. ती भेग पुढे कितीही भाजली तरी बुजत नाही.

1995 साली जपानच्या अकिओ इकेसुए यांनी सिरॅमिक यॅगचा लेसर स्फटिकाच्या तोडीस तोड चालवून दाखवला. त्याआधी कणाकणांनी जोडलेल्या पदार्थातून चांगला लेसर निघेल यावर फारसा कुणाचा विश्वास नव्हता. स्फटिक वितळलेल्या यॅगमधून ओढून काढतात, इरिडियमच्या मुशीतून, तासाला साधारण 0.2 मिलिमीटर. दहा सेंटीमीटरला झाले 500 तास, म्हणजे एकवीस दिवस-रात्र. सिरॅमिकची निर्वात भट्टी हे काम एखाद्या दिवसात आटोपते, आणि वडी किती मोठी करायची ते मुशीवर नाही, साच्यावर ठरतं.

तेव्हा पारदर्शक सिरॅमिकचा नवा लेसर आल्याची बातमी वाचाल, तर किलोवॉटचा आकडा नंतर पाहा. आधी विचारा, दहा लाख भागांत पोकळी किती भाग उरली होती. तो आकडा दिलेला नसेल तर बातमी अर्धीच आहे.