कॉम्प्युटरचा डिस्प्ले गेला? ‘कार्ड उडालंय’ म्हणण्याआधी पहिले दहा सेकंद बघा

कॉम्प्युटर सुरू केला. पंख्याचा आवाज येतो, पुढची लाईट लागते, पण स्क्रीन काळीच. किंवा स्क्रीन येते, पण अक्षरं भली मोठी आणि व्हिडिओ अडखळत चालतो. दुकानात नेलं की दोनपैकी एक उत्तर बहुतेक ठरलेलं: ‘कार्ड उडालंय, नवीन टाकावं लागेल’, नाहीतर ‘फॉरमॅट मारावा लागेल’.

पहिल्या उत्तरात काही हजार रुपये जातात. दुसऱ्यात डेस्कटॉपवर ठेवलेले लग्नाचे फोटो, पोरीचा प्रोजेक्ट, स्कॅन करून ठेवलेले कागद जाऊ शकतात. दुकानदार फसवतोच असं नाही. समोर पाच मशिन पडलेली असताना फॉरमॅट हा त्याच्यासाठी वेळ वाचवणारा रस्ता असतो, इतकंच. पण बिघाड पुष्कळदा ड्रायव्हरचा, सेटिंगचा किंवा नुसत्या केबलचा असतो आणि तो घरच्या घरी कळतो.

आधी हे बघा: लोगो दिसतो का?

बटण दाबल्यावर पहिल्या काही सेकंदांत स्क्रीनवर मदरबोर्ड कंपनीचा किंवा लॅपटॉप कंपनीचा लोगो येतो. त्या वेळी विंडोज अजून उठलेलं नसतं आणि ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हरही कामाला लागलेला नसतो. म्हणून या क्षणाला फार महत्त्व आहे.

लोगो स्वच्छ दिसला आणि विंडोज सुरू होताना स्क्रीन काळी झाली, तर पहिला संशय ड्रायव्हरवर घ्यायचा. लोगोवरच रंगीत ठिपके, चौकोन, उभ्या रेघा दिसत असतील तर ड्रायव्हरचा काही संबंध नाही. तिथे केबल, मॉनिटर किंवा खुद्द कार्ड बघायचं. लोगोही नाही, काहीच नाही, तर केबल आणि जोडणीपासून सुरुवात. हे सगळं होताना मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा. पुढे दुकानात जायची वेळ आलीच तर तो कामाला येतो.

हा नियम शंभर टक्के नाही. कार्ड आतून कमजोर झालं असेल तर लोगो नीट दिसतो आणि ड्रायव्हरने कामाला लावलं की ते मान टाकतं. पण फुकटातली पहिली चाचणी म्हणून याहून सोपं काही नाही.

केबल कुठल्या खाचेत आहे?

दिवाळीच्या साफसफाईत टेबल हलवलं आणि त्यानंतर डिस्प्ले गेला, असं सर्रास होतं. कॅबिनेटच्या मागे बघा. कीबोर्ड, माऊस, यूएसबी जिथे लागतात त्या पट्टीत एक एचडीएमआय किंवा निळी व्हीजीए खाच असते. ती मदरबोर्डची. त्याच्या खाली वेगळ्या आडव्या पट्टीत असतात त्या ग्राफिक्स कार्डाच्या खाचा. वेगळं कार्ड बसवलेलं असेल तर केबल खालच्या पट्टीत हवी.

चुकून वरच्या खाचेत लागली तर दोन गोष्टी होतात. प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स असेल तर स्क्रीन चालते, पण महागाचं कार्ड नुसतं बसून राहतं आणि ‘कार्ड टाकूनही फरक नाही’ असं वाटतं. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ आहे, उदाहरणार्थ आय-३ १२१००एफ, त्यात ग्राफिक्स नसतंच. तिथे वरच्या खाचेतून काहीच येत नाही.

याच गोष्टीचा उलटा उपयोगही होतो. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर मेन स्विच बंद करा, वायर काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या आणि कार्ड काढून ठेवा. खाचेच्या टोकाला छोटी कडी असते, ती दाबल्याशिवाय ओढू नका. मग केबल वरच्या खाचेत लावून मशिन चालू करा. डिस्प्ले आला तर बाकी कॉम्प्युटर ठणठणीत आहे, संशय फक्त कार्ड, त्याची खाच आणि त्याला मिळणारी वीज यांच्यावर उरतो. कार्ड परत बसवताना त्याच्या सोनेरी पट्टीवर खोडरबर हलक्या हाताने फिरवून घ्या, कचरा झटका. वरून वेगळा पॉवर प्लग लागत असेल तर तो विसरू नका. तो न लागल्यामुळे काळी राहिलेली स्क्रीन हे दुकानात दिसणारं नेहमीचं दृश्य आहे.

ड्रायव्हर म्हणजे दुभाष्या

विंडोज आणि कार्ड यांची भाषा वेगळी. मधे बोलणारा दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर. तो नसला की विंडोज खुणांवर काम भागवतं: स्क्रीन दिसते, पण अक्षरं मोठी, रिझोल्यूशन बदलत नाही, दुसरा मॉनिटर लागत नाही, लॅपटॉपचा ब्राइटनेस कमी-जास्त होत नाही.

तपासायला स्टार्टच्या बटणावर राईट क्लिक करा, डिव्हाइस मॅनेजर उघडा, त्यात डिस्प्ले अडॅप्टर्स बघा. तिथे तुमच्या कार्डाचं नाव असायला हवं. ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असं लिहिलेलं असेल तर ड्रायव्हर नाहीच. मग कार्ड कोणाचं ते कसं कळणार? त्याच नावावर प्रॉपर्टीज, मग डीटेल्स, मग यादीतून हार्डवेअर आयडीज निवडा. ‘व्हीईएन’ या अक्षरांपुढे १०डीई असेल तर चिप एनव्हीडियाची, १००२ असेल तर एएमडीची, ८०८६ असेल तर इंटेलची.

ड्रायव्हर घ्यायचा तो त्याच कंपनीच्या वेबसाईटवरून, कार्डाचं नेमकं नाव निवडून. लॅपटॉप असेल तर आधी लॅपटॉप कंपनीच्या साईटवर तुमच्या मॉडेलच्या पानावर बघा. ‘तुमचे १७ ड्रायव्हर जुने झाले’ असं लाल अक्षरांत घाबरवणारी सॉफ्टवेअर टाकू नका. पैसे मागतात आणि बरोबर नको ते घुसवतात.

घरी इंटरनेट नसेल तर मोबाईल डेटा केबलने जोडा आणि सेटिंगमधून यूएसबी टेदरिंग चालू करा. पण एनव्हीडियाची फाइल पाचशे एमबीहून मोठी असते, दिवसाच्या दीड जीबीचा मोठा घास त्यात जातो. रोजचा डेटा नवा सुरू झाल्यावर घ्या. आणि ज्या वेळेला लाईट जायचा भरवसा नाही त्या वेळेला ड्रायव्हर टाकायला बसू नका. अर्धवट बसलेला ड्रायव्हर न बसलेल्यापेक्षा जास्त त्रास देतो.

अपडेटनंतर स्क्रीन काळी झाली तर

आधी कीबोर्डवर विंडोजच्या खुणेचं बटण, कंट्रोल आणि शिफ्ट ही तीन दाबून धरा आणि बी दाबा. स्क्रीन एकदा लपकते, बीप वाजतो आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. उघडी फाइल बंद होत नाही. एवढ्यावरच काम झालं तर उत्तम.

नाही झालं तर सेफ मोड. विंडोज उठायला लागलं की पॉवर बटण दाबून धरून बंद करा. असं दोन-तीनदा केल्यावर दुरुस्तीचा निळा पडदा येतो. त्यात ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट आणि मग कीबोर्डवरचा ४ दाबा. काही लॅपटॉप इथे बिटलॉकरची ४८ आकडी किल्ली मागतात. ती बहुधा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप सुरू केला त्यात साठवलेली असते. मोबाईलवरून त्या खात्यात लॉगिन करून बघा. दुकानात घाईने सुरू करून दिलेल्या लॅपटॉपवर कोणाचं खातं आहे, हे आजच बघून ठेवलेलं बरं.

सेफ मोडमध्ये डिव्हाइस मॅनेजर, कार्डाचं नाव, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर, आणि तिथे ‘रोल बॅक ड्रायव्हर’. याने आधीचा चालणारा ड्रायव्हर परत येतो. ते बटण फिकं असेल तर अनइन्स्टॉल डिव्हाइस करा आणि ड्रायव्हर काढून टाकण्याच्या चौकोनात टिक करा. मग मशिन नेहमीसारखं चालू करून योग्य ड्रायव्हर नव्याने टाका. या सगळ्यात तुमच्या फाइलींना हात लागत नाही. म्हणूनच ड्रायव्हरसाठी फॉरमॅट मारायची गरज क्वचितच पडते. तरी दुकानदाराने आग्रह धरलाच तर आधी डेटा बाहेर काढून द्यायला सांगा आणि पेनड्राइव्हवरच्या फाइली तिथेच उघडून बघा.

एक बारीक गोष्ट. विंडोज १० आणि ११ मध्ये ‘शट डाऊन’ करून पुन्हा चालू केलं तर बऱ्याचदा ड्रायव्हरची जुनीच स्थिती उचलली जाते, कारण फास्ट स्टार्टअप चालू असतं. बदल केल्यावर ‘रीस्टार्ट’च करा.

जुनं कार्ड आणि खोटं कार्ड

गावात जोडून घेतलेल्या कॉम्प्युटरमध्ये जीटी ७१०, जीटी ७३० ही कार्डं भरपूर दिसतात. त्यांना सगळ्यात नवा ड्रायव्हर बसत नाही, जुळत नाही असा संदेश येतो. याचा अर्थ कार्ड खराब असा नाही. त्यांच्या पिढीसाठी एनव्हीडियाची ४७० ही शेवटची मालिका, तीच टाकायची. त्यातही जीटी ७३० या एकाच नावाखाली दोन पिढ्यांच्या चिपा विकल्या गेल्या आहेत. जास्त जुनी असेल तर तिला ३९१ मालिकेचा ड्रायव्हर लागतो. जीटीएक्स ७५० टीआय, १०५० टीआय यांच्यासाठीही ऑक्टोबर २०२५ नंतर फक्त सुरक्षेचे अपडेट यायचे आहेत, तेही ऑक्टोबर २०२८ पर्यंत. नीट चालणारा जुना ड्रायव्हर मात्र त्या तारखेला बंद पडत नाही. चालतंय तर राहू द्या.

खरा घोळ खोट्या कार्डांचा आहे. स्वस्तात ‘१०५० टीआय ४ जीबी’ म्हणून येणाऱ्या काही कार्डांत दहा-पंधरा वर्षांपूर्वीची चिप असते आणि आतली नोंद बदललेली असते. विंडोज तीच खोटी नोंद वाचतं, त्यामुळे डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव झोकदार दिसतं. ड्रायव्हर टाकला की मशिन कोसळतं. कितीही ड्रायव्हर बदला, उपयोग नाही. जीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते चिप ओळखतं आणि नकली असेल तर नावाआधी ‘फेक’ असं लिहून दाखवतं. जुनं कार्ड विकत घेताना पैसे देण्याआधी हे विक्रेत्याच्याच मशिनवर चालवून बघा. तो नको म्हणाला तर कार्डही नको.

बिघाड नाही, सेटिंग आहे

जुना टीव्ही मॉनिटर म्हणून लावला की कडा कापल्या जातात, खालची पट्टी अर्धी दिसते. हा दोष टीव्हीच्या सेटिंगचा. रिमोटवरून पिक्चर साईझमध्ये ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ असं जे असेल ते निवडा. अक्षरं बारीक वाटली तर रिझोल्यूशन कमी करू नका, सगळंच धुरकट होतं. डिस्प्ले सेटिंगमध्ये स्केल १२५ टक्के करा. दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपवर व्हिडिओ एडिटिंग रखडत असेल तर डिस्प्लेखालच्या ग्राफिक्समध्ये ते सॉफ्टवेअर निवडून ‘हाय परफॉर्मन्स’ करा.

गेम किंवा व्हिडिओचं काम दहा मिनिटं चाललं की मशिन बंद पडतं, एरवी ठीक, तर ड्रायव्हरमागे लागू नका. धूळ बसलेला पंखा, उष्णता किंवा कमजोर एसएमपीएस बघा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा.

फोनवरून ‘दुरुस्ती’ नको

स्क्रीनवर इशारा येतो आणि खाली फोन नंबर असतो, तो नंबर लावू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतो. समोरचा माणूस स्क्रीन शेअर करायचं अॅप टाकायला सांगतो आणि ड्रायव्हरच्या नावाखाली बँकेपर्यंत पोचतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर तक्रार करा, जितकं लवकर तितकं रक्कम अडवण्याची शक्यता जास्त.

आणि एवढं करूनही रेघा, ठिपके गेले नाहीत, किंवा डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘कोड ४३’ येतच राहिला, तर कार्ड खरंच गेलेलं असू शकतं. दुकानात नेताना मोबाईलवरचा तो व्हिडिओ दाखवा आणि ‘हे कार्ड दुसऱ्या मशिनला लावून दाखवा’ असं सांगा. पाच मिनिटांचं काम आहे. वॉरंटी शिल्लक असेल तर कार्डावरचा सिरीयल नंबर बिलाशी जुळवून घ्या, स्टिकर फाडू देऊ नका, आणि बदलून मिळालेल्या कार्डाचा नवा नंबर पावतीवर लिहून घ्या.